जागा बदलली की निरोप बदलतो

शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के भरणारा मेंदू शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा खर्च करतो. चेतापेशींमधील मायटोकाँड्रिया या ऑक्सिजनच्या साहाय्याने ऊर्जा तयार करतात आणि त्या प्रक्रियेत काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटल्यामुळे सुपरऑक्साइड तयार होते. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि, जवळपास लोहाचे आयन असतील तर, अत्यंत विध्वंसक असा हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. हे पदार्थ पेशीपटलातील मेद, प्रथिने आणि डीएनए यांची नासधूस करतात. त्यांची निर्मिती विल्हेवाटीच्या पुढे गेली की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मेंदूतील पेशीपटलांत असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असते आणि मेलेल्या चेतापेशीची जागा सहसा नवी पेशी घेत नाही, त्यामुळे हा ताण मेंदूला विशेष महागात पडतो.

यावर सुचणारा सरळ उपाय म्हणजे बाहेरून अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे विध्वंसक पदार्थ निष्प्रभ करणारी द्रव्ये, देणे. तो करून पाहिला गेला आहे. पार्किन्सनच्या सुरुवातीच्या अवस्थेतील ८०० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाचा रोज २००० युनिटांचा मोठा डोस देऊनही आजाराची वाटचाल मंदावली नाही, असे १९९३ मध्ये जाहीर झाले. या अपयशाची कारणे अनेक असू शकतील; मात्र चेतापेशीचे संरक्षण मुख्यतः तिच्या आतल्या विकरांवर (एन्झाइमांवर) अवलंबून असते आणि ती विकरे किती प्रमाणात तयार करायची याचा आदेश पुष्कळदा पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरकडून, म्हणजे बाहेरचे रासायनिक निरोप टिपणाऱ्या प्रथिनाकडून, येतो, ही गोष्ट गोळ्यांच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

या रिसेप्टरांपैकी सर्वांत विलक्षण आहे तो एनएमडीए रिसेप्टर. ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक निरोप्या त्याला येऊन चिकटतो, पण तेवढ्याने त्याच्यातली आयन आत सोडणारी वाट, म्हणजे वाहिनी, मोकळी होत नाही, कारण तिच्यात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशी त्याच वेळी विद्युतदृष्ट्या उत्तेजित असेल तरच हे बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. शिकणे आणि स्मरणात ठेवणे यांच्या मुळाशी ही यंत्रणा आहे. पण तिची पहिली ओळख मारक म्हणूनच अधिक झाली. १९६९ मध्ये संशोधक जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ग्लुटामेटचे क्षार टोचले तेव्हा त्यांच्या मेंदूतील पेशी मेलेल्या आढळल्या. अतिउत्तेजनाने येणाऱ्या या मरणाला पुढे एक्सायटोटॉक्सिसिटी हे नाव मिळाले. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटलेल्या भागात ग्लुटामेट साचते, रिसेप्टर खुले राहतात, कॅल्शियमचा लोंढा आत येतो आणि सुपरऑक्साइड बनवणारी विकरे जोमाने कामाला लागतात. तेव्हा हा रिसेप्टर बंद केला की पेशी वाचतील, हे अनुमान अगदी स्वाभाविक होते.

गंमत अशी की या अनुमानाला धक्का देणाऱ्या संशोधनातही ओल्नीच होते. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वाढीच्या काळातील उंदरांच्या मेंदूत हे रिसेप्टर काही तास जरी रोखून धरले तरी असंख्य चेतापेशी आपणहून मृत्यू पत्करतात. म्हणजे अति उत्तेजनही मारक आणि उत्तेजनाचा अभावही मारक.

हे कोडे उलगडण्याची दिशा २००२ मध्ये सापडली. हार्डिंगहॅम, फुकुनागा आणि बाडिंग या संशोधकांच्या प्रयोगांत असे दिसले की दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात त्या सिनॅप्समधील एनएमडीए रिसेप्टर उद्दीपित झाले तर क्रेब नावाचे प्रथिन कार्यान्वित होते आणि पेशीला जगवणारी जनुके वाचली जाऊ लागतात. तोच रिसेप्टर सिनॅप्सच्या बाहेर, पटलाच्या इतर भागावर उद्दीपित झाला तर क्रेब बंद पडते आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. रिसेप्टर तोच, ग्लुटामेट तेच, आत शिरणारे कॅल्शियमही तेच. पण ते कोणत्या जागेवरून शिरते यावर निरोपाचा अर्थ ठरतो.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी याचा थेट संबंध २००८ मध्ये हार्डिंगहॅम यांच्याच गटाने दाखवला. पेरॉक्सिरेडॉक्सिन हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करते, पण पेरॉक्साइड फारच वाढले तर ते स्वतःच अतिऑक्सिडित होऊन निकामी होते. सिनॅप्समधील एनएमडीए रिसेप्टर कार्यरत असले की सल्फिरेडॉक्सिन हे दुरुस्ती करणारे विकर अधिक तयार होते आणि निकामी झालेले पेरॉक्सिरेडॉक्सिन पुन्हा कामाला लागते. याच्याच जोडीला थायोरेडॉक्सिन या दुसऱ्या संरक्षक प्रथिनाला अडवून धरणाऱ्या प्रथिनाची निर्मिती घटते. थोडक्यात, कामात गुंतलेली चेतापेशी अधिक ऑक्सिजन जाळते आणि त्याच कामाच्या निरोपातून त्या जाळण्याचे दुष्परिणाम निस्तरण्याची तयारीही करते. क्रेबच्या आदेशाने तयार होणाऱ्या प्रथिनांत बीडीएनएफ हा वाढीचा घटकही असतो. तो ट्रक-बी या वेगळ्या रिसेप्टरला जोडला जाऊन पेशीचा टिकाव आणखी पक्का करतो.

चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या तारकापेशींचाही (अॅस्ट्रोसाइट) यात वाटा आहे. ग्लुटाथायोन हे महत्त्वाचे अँटिऑक्सिडंट त्या विपुल प्रमाणात बनवतात आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल चेतापेशींनाही पुरवतात. सेलेनियमची गोष्ट तर याहून मजेशीर आहे: सेलेनोप्रोटीन-पी हे रक्तातील प्रथिन मेंदूत शिरते ते एपीओई-आर-२ या रिसेप्टरला धरून, आणि ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नसतो त्यांना सेलेनियम कमी असलेला आहार दिला तर त्यांच्यात चेतासंस्थेचे विकार दिसू लागतात, कारण पेरॉक्साइड नष्ट करणारी काही महत्त्वाची विकरे सेलेनियमवाचून बनतच नाहीत.

सिनॅप्सच्या आतले आणि बाहेरचे अशी विभागणी कागदावर दिसते तितकी काटेकोर नाही, हेही सांगितले पाहिजे. रिसेप्टर पटलावरून सरकत राहतात, आत-बाहेर ये-जा करतात, आणि उद्दीपन किती वेळ टिकते यालाही महत्त्व असते. तरीही औषधांच्या बाबतीत या विभागणीने बरेच स्पष्ट केले. पक्षाघातासाठी तपासलेली एनएमडीए रिसेप्टर सरसकट रोखणारी औषधे रुग्णांवरील चाचण्यांत अपयशी ठरली. ती मारक निरोपाबरोबर तारक निरोपही तोडत होती, हे त्याचे एक पटण्याजोगे कारण आहे. मेमँटिन हे औषध एनएमडीए रिसेप्टरच्या वाहिनीत सैलसर बसते आणि सिनॅप्सबाहेरील रिसेप्टरांना तुलनेने अधिक रोखते. अमेरिकेत अल्झायमरच्या मध्यम ते तीव्र अवस्थेसाठी त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचा लाभ माफकच आहे.

बाडिंग यांच्या हायडेलबर्ग येथील गटाने २०२० मध्ये वेगळी वाट धरली. सिनॅप्सबाहेरील एनएमडीए रिसेप्टर टीआरपीएम-४ नावाच्या दुसऱ्या एका वाहिनीला जोडलेले असतात आणि मारक निरोप या जोडणीतून निघतो, असे त्यांना आढळले. एनएमडीए रिसेप्टरची वाहिनी न बुजवता केवळ ही जोडणी सोडवणारे लहान रेणू त्यांनी शोधले आणि पक्षाघात घडवलेल्या उंदरांत त्या रेणूंमुळे चेतापेशींची हानी घटली; सिनॅप्समधील रिसेप्टरांचे काम मात्र त्यामुळे थांबले नाही.