पंचवीस नंबरचं दार

घरच्या इंटरनेटवर स्वतःचा मेल सर्व्हर मांडणं हे काही फार मोठं दिव्य नाही. जुना लॅपटॉप, लिनक्स, पोस्टफिक्स हा मेलची ने-आण करणारा प्रोग्राम आणि एक मोकळा शनिवार एवढ्यात भागतं. अडतं ते मेल पाठवताना. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेल घेण्याच्या ठरलेल्या दारावर, टकटक करावी, तर कर्सर दोन मिनिटं नुसता लुकलुकतो आणि मग ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. धड नकारसुद्धा येत नाही. आपलं पॅकेट वाटेतच कुणीतरी गिळलेलं असतं.

हे दार बांधलं गेलं तेव्हा त्याला कडीच नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमपत्रकाने एसएमटीपीची, म्हणजे मेल पोचवण्याची, रीत घालून दिली. ती दोन यंत्रांची अगदी साधी बोलाचाली आहे. आधी ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगायचं. ‘मेल फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता, ‘आरसीपीटी टू’मध्ये घेणाऱ्याचा. मग ‘डेटा’, मजकूर आणि शेवटी एका ओळीत एकटं टिंब. समोरून ‘२५०’ आलं की टपाल सुपूर्द झालं. पाकिटावर पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव लिहा, विचारणारं कोणी नव्हतं. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधली मोजकी यंत्रं, त्यांचे चालक बहुधा एकमेकांना ओळखणारे. परक्याचं टपालही पुढे ढकलून देणं हा तिथला शेजारधर्मच होता. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम सगळीकडे पोचला आणि तोही हा धर्म निमूटपणे पाळत राहिला.

नव्वदच्या दशकात त्या शेजारधर्माचा बाजार झाला. दुसऱ्याच्या सर्व्हरवर एक मेल टाकायचा आणि त्याच्याच खर्चाने हजारोंना वाटायचा, ही फुकट्या जाहिरातबाजांची युक्ती. असे उघडे सर्व्हर ‘ओपन रिले’ म्हणून बदनाम झाले आणि १९९८ च्या सेंडमेल ८.९ पासून परक्यांचं टपाल पुढे पाठवणं मुळातच बंद ठेवलं जाऊ लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी पॉल विक्सी या इंटरनेट तंत्रज्ञांनी उपद्रवी आयपी पत्त्यांची, म्हणजे यंत्रांच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची, काळी यादी सुरू केली होती. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. ज्याने घाण केली त्याचं नाव फळ्यावर, इतका तो सरळ हिशेब होता.

खरा फरक पडला तो त्यानंतर आलेल्या ‘डायल-अप युजर लिस्ट’ने. या यादीत जायला काही गुन्हा करावा लागत नसे. तुमचा आयपी पत्ता घरगुती गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यातला आहे, एवढं पुरे. पुढे नको असलेल्या मेलांविरुद्ध काम करणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेची पीबीएल ही यादी त्याच तत्त्वावर उभी राहिली, आणि तिच्यात आपल्याच गिऱ्हाइकांचे पत्ते बरेचदा इंटरनेट कंपन्या स्वतःहून देतात. पत्ता पाहून माणसाची पत ठरवायची सवय इथे लागली.

पण ती सवय निव्वळ आकसापोटी लागली असं म्हणता येत नाही. २००३ मध्ये सोबिग आणि जानेवारी २००४ मध्ये मायडूम हे विषाणू आले. दोघेही मेल पाठवायचं यंत्र पोटातच घेऊन आलेले. बळी पडलेला घरचा संगणक थेट जगभरच्या सर्व्हरांच्या पोर्ट २५ वर मेल ओतायचा, मालकाला पत्ताच नाही. त्यावर कंपन्यांनी शोधलेला स्वस्त इलाज म्हणजे घरगुती जोडण्यांचं २५ नंबरचं दार बाहेर जाताना बंद करून टाकणं. सामान्य माणसासाठी ५८७ नंबरचं दुसरं दार डिसेंबर १९९८ पासून कागदावर तयारच होतं. तिथे पासवर्ड दाखवायचा आणि मेल आपल्या कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवायचा. शंभरात नव्याण्णवांना काही कळलंही नाही.

आपल्याकडची गोष्ट जरा निराळी. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट खुलं केलं, तेव्हा शेल अकाउंटवाल्यांची, म्हणजे नुसत्या अक्षरी पडद्यावर काम करणाऱ्यांची, टपालपेटी व्हीएसएनएलच्याच युनिक्स यंत्रावर असायची. फोन लावून आत शिरायचं आणि पाइन नावाच्या प्रोग्राममध्ये मेल वाचायचे. मुंबईकरांच्या पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१’ आणि पुणेकरांच्या पत्त्यात ‘जीआयएएसपीएन०१’ असं काहीतरी असे, जे फोनवरून सांगताना जीभ वळायची नाही. मग हॉटमेल आणि रेडिफमेल आले. म्हणजे टपालपेटी घरात अशी कधी आलीच नाही. सरकारचं ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ चं. किमान २५६ केबीपीएसची, कायम चालू राहणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, ही व्याख्या तेव्हाची. घरी सर्व्हर ठेवावा अशी जोडणी आपल्या हाती येईपर्यंत पंगत उठत आली होती.

त्यात पत्तेच संपले. आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये तळाला गेला. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवणं रूढ झालं. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ पैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही त्या चाळीत आहात असं समजावं. बाहेरून येणारा मेल थेट तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही.

मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही पुढची तिकडी मात्र घरी बसून जमते. डोमेनच्या नोंदींत चार ओळी घातल्या आणि सर्व्हरला मेलवर सही करायला लावलं की झालं. जमत नाही ती उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ती प्रत्येकाकडे मागतं, आणि ती करणं इंटरनेट कंपनीच्या हातात. मी एकदा कस्टमर केअरला फोन करून तेवढं मागितलं होतं. पलीकडच्या मुलाने अदबीने विचारलं, “सर, आपण राउटर ऑफ करून ऑन केलात का?”

शेवटी बहुतेकांनी काढली तीच पळवाट मीही काढली. स्थिर आयपी विकत घेतला. टपालपेटी घरी, आणि बाहेर जाणारा मेल भाड्याच्या एका सर्व्हरवरून. त्याचं दार उघडं आहे, नावही स्वच्छ. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडची लाईट दीड दिवस गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. लाईट आल्यावर लॉग उघडून बसलो. अडलेले मेल एकेक करून येत होते. समोरचं यंत्र उत्तर देत नसेल तर निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असं १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये लिहून ठेवलंय. शेवटचा मेल दुपारी पोचला. वीज बिल भरल्याची पावती होती.