केसपेपरवरचा 'ए'

स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत बाईचा केसपेपर उघडला की वरच एक ओळ असते: जी३ पी१ एल१ ए१. दिवस गेले तीनदा, बाळंतपण एक, हयात मूल एक, गर्भपात एक. हा शेवटचा 'ए' आपोआप झालेल्या गर्भपातालाही चालतो आणि करवून घेतलेल्यालाही. डॉक्टरांनी विचारलंच, "मागचं खाली केलं होतं का?" आणि शेजारी सासू उभी असेल, तर उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो, आपोआपच गेलं. मग क्युरेटिन करावं लागलं."

दवाखान्यात येणाऱ्या बायकांपैकी किती जणींनी गर्भपात करवून घेतलेला असतो, हे मोजायला बसलं की पहिली अडचण ही. दुसरी अडचण शरीराची. गर्भाशयाला कळा आणून गर्भ पाडणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडावाटे घेतली असेल, तर रक्तस्राव, कळा, उघडलेलं गर्भाशयाचं तोंड, सोनोग्राफीत दिसणारे उरलेले तुकडे हे सगळं नैसर्गिक गर्भपातासारखंच असतं. उपचारही तेच. त्यामुळे खरं काय झालं हे खोदून विचारण्याची डॉक्टरला वैद्यकीय गरज सहसा पडत नाही, आणि माझ्या मते विचारूही नये. आकडेवारीची मात्र पंचाईत होते.

कायदेशीर गर्भपाताची नोंद वेगळी होते. सरकारने याच प्रश्नासाठी नेमलेल्या शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात दाखल झालेल्या बाईचं नाव ज्या रजिस्टरमध्ये जातं ते गोपनीय असतं. इतर कागदांवर नुसता अनुक्रमांक. केंद्रांनी दरमहा आकडे वर पाठवायचे. अशी बेरीज होत होत २०१४-१५ या वर्षासाठी देशाचा सरकारी आकडा निघाला सुमारे ७ लाख. एवढ्या मोठ्या देशासाठी हा आकडा कोणत्याही लोकसंख्याशास्त्रज्ञाला पटणारा नव्हता.

मग घरोघरी जाऊन विचारावं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते विचारतात. चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत मागच्या पाच वर्षांतल्या गर्भधारणांपैकी साधारण ३ टक्क्यांचा शेवट करवून घेतलेल्या गर्भपातात झाल्याचं निघालं. अनोळखी बाई वही घेऊन ओसरीवर बसलेली, आत घरातली माणसं. अशा वेळी कोण किती सांगणार? सर्वेक्षणात 'आपोआप' या रकान्यात जे जातं, त्यातलं काही नक्कीच तिथलं नसतं.

संशोधकांनी यावर काढलेली एक युक्ती १९९० च्या दशकात लॅटिन अमेरिकेत वापरली गेली. ब्राझील, चिली, कोलंबिया, डॉमिनिकन रिपब्लिक, मेक्सिको आणि पेरू या देशांत गर्भपातावर कडक बंधनं होती. कायदेशीर नोंद जवळपास नाहीच. पण गर्भपात बिघडला की बाई इस्पितळात यायचीच, आणि तिथे दाखल झाल्याची नोंद व्हायची. त्या नोंदींवरून मागे मोजत जायचं.

एक कल्पित जिल्हा घेऊ. वर्षाला २०,००० जन्म. गर्भपातानंतरच्या तक्रारींसाठी इस्पितळात आल्या १,००० बायका. यातून आधी नैसर्गिक गर्भपाताच्या वजा करायच्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आपोआप पडलं तर पुष्कळदा घरीच निभावतं; १३ ते २२ आठवड्यांचं असेल तर इस्पितळ गाठावं लागतं. अशा उशिराच्या गर्भपातांचं प्रमाण जीवशास्त्राने बऱ्यापैकी ठरलेलं आहे, जन्मांच्या सुमारे ३.४ टक्के. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ६८०. त्यातल्या ८० टक्के इस्पितळापर्यंत पोचतात असं धरलं तर ५४४. हजारातून ते गेले, उरल्या ४५६. या झाल्या करवून घेतलेल्या गर्भपातानंतर त्रास झालेल्या. आता, अशी एक बाई इस्पितळात येते तेव्हा त्रास झाला नाही म्हणून किंवा होऊनही इस्पितळात न आलेल्या किती? सुईणी, कंपाउंडर, डॉक्टर, परिचारिका अशा जाणकारांना विचारून हा गुणक ठरवतात. समजा, इस्पितळात आलेली धरून दर पाच गर्भपातांमागे एकच तिथे पोचते. मग ४५६ गुणिले ५, म्हणजे २,२८०.

सगळं गणित या गुणकावर उभं आहे, आणि नेमका तोच स्थिर राहत नाही. ब्राझीलमध्ये १९८६ साली मिसोप्रोस्टॉल हे पोटातल्या अल्सरचं औषध म्हणून दुकानात आलं. गर्भवतींनी घेऊ नये, असा इशारा त्यासोबत होता. बायकांनी तो इशारा वाचला आणि त्यातून हवा तो अर्थ काढला. सळया, काड्या, द्रावणं मागे पडली, आणि इस्पितळात येणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाने खंगलेल्या रुग्ण कमी झाल्या. १९९१ मध्ये सरकारने विक्रीवर निर्बंध घातले, पण तोवर माहिती पसरली होती. गर्भपात तेवढेच राहून नुसते सुरक्षित झाले, तरी इस्पितळातला आकडा खाली येतो. जुनाच गुणक लावून बसलं तर वाटेल, गर्भपातच कमी झाले.

भारतात मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधाला २००२ मध्ये आणि ते व मिसोप्रोस्टॉल यांच्या एकत्रित पाकिटाला २००८ मध्ये परवानगी मिळाली. मिफेप्रिस्टोन गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम अडवतं, त्यामुळे गर्भाची पकड सुटते. मागून घेतलेलं मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाला कळा आणतं. नऊ आठवड्यांच्या आत आणि नीट घेतलं, तर शंभरातल्या दोन ते पाच जणींनाच पिशवी साफ करून घ्यावी लागते. बाकीच्या कोणत्याच केसपेपरवर येत नाहीत.

म्हणूनच २०१५ चा भारताचा अंदाज करताना अभ्यासकांनी इस्पितळांवरच भिस्त ठेवली नाही. मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीची पॉप्युलेशन कौन्सिल आणि अमेरिकेची गुटमाकर इन्स्टिट्यूट यांनी मिळून सहा राज्यांतल्या आरोग्य केंद्रांची पाहणी केली आणि तिला गोळ्यांच्या देशभरच्या विक्रीचे आकडे जोडले. बाईला काही विचारायचंच नाही. पाकिटं किती खपली ते बघायचं, केंद्रांत वापरलेली आणि वाया गेलेली वजा करायची. उत्तर आलं वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात, १५ ते ४९ वयाच्या दर हजार बायकांमागे ४७. देशातल्या एकूण गर्भधारणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. सर्वेक्षणातले ३ टक्के याच्या शेजारी ठेवून बघा.

त्यातले आरोग्य केंद्रांत झालेले फक्त २२ टक्के. ७३ टक्के केंद्राबाहेर, गोळ्यांनी. उरलेले ५ टक्के इतर मार्गांनी, आणि जिवावर बेतण्याचा सर्वाधिक धोका याच थोड्यांना.

महाराष्ट्रात या हिशेबाला आणखी एक फाटा फुटतो. २०१२ च्या सुमारास बीडमधली लिंगनिवडीची प्रकरणं गाजली, औषध प्रशासनाने तपासण्या वाढवल्या, आणि अनेक केमिस्टांनी कटकट नको म्हणून ही पाकिटं ठेवणंच बंद केलं. वास्तविक सोनोग्राफीत लिंग कळू लागतं ते बारा आठवड्यांच्या पुढे, आणि पाकिटाची मर्यादा नऊ आठवड्यांची. या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध जोडणं गणितातच बसत नाही. पण दुकानात गोळी नसेल तर काही जणी इस्पितळात जातात, काही भलतीकडे जाऊन बिघडल्यावर इस्पितळात येतात, आणि काही परराज्यातून पाकीट मागवतात. पहिल्या दोघींमुळे इस्पितळातला आकडा वाढतो, तिसरीमुळे काहीच हलत नाही, आणि या तिघींचं आपसातलं प्रमाण केसपेपरच्या गठ्ठ्यातून काढता येत नाही.