एकाच घरातल्या दोन दाढा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात एका वर्षात दोन दाढा गेल्या, एक आईची आणि एक माझी. दोन्ही खालच्या, सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या. ही दाढ दुधाचा दात न पाडताच मागून उगवते, म्हणून कित्येक घरांत ती दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी ‘पडेल नि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. नवी येत नाही.

राम मारुती रोडवरच्या आमच्या डॉक्टरांनी आईला ब्रिज सांगितला, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधारानं बसवलेला दात, आणि मला इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. वय झालं म्हणून आपल्याला स्वस्तातलं सुचवलं, असं आईच्या मनानं घेतलं. ते डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “काकू, मागच्या दाढेचं रूट कॅनॉल झालंय, पुढचीत एवढं मोठं फिलिंग आहे. या दोघींना कॅप लागणारच आहे. मग त्याच कॅपना मधला दात जोडून घेऊ.”

निर्णयाची किल्ली इथे आहे. गेलेल्या दाताइतकंच त्याच्या शेजाऱ्यांकडे बघायचं. ब्रिज बसवायला दोन्ही शेजारचे दात चहूबाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासावे लागतात. त्यात जातं ते एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात, त्यामुळे घासलेलं एनॅमल पुन्हा कधीच येत नाही. माझे दोन्ही शेजारी निरोगी होते. तिसऱ्यासाठी त्यांना घासणं मला आजही पटत नाही.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. यामागची गोष्ट सुरेख आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रानेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेचना. हाड तिला चिकटून वाढलं होतं. टायटॅनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, धातू गंजत नाही आणि हाडाच्या पेशी त्या थराला धरून वाढतात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाला ४० वर्षांहून अधिक काळ पुरले.

तरीही इम्प्लांट म्हणजे खरा दात नव्हे. खऱ्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या एक-पंचमांश जाडीचा धाग्यांचा पापुद्रा असतो. भातात खडा आला की जबडा झटक्यात थांबतो, त्यात या पापुद्र्यातल्या मज्जातंतूंचा मोठा वाटा असतो. इम्प्लांटभोवती हा पापुद्रा नसतो, म्हणून त्या बाजूनं सुपारी किंवा बर्फ फोडायचा मोह टाळलेला बरा.

दात काढल्यावर तिथलं हाड झिजायला लागतं आणि पहिल्या काही महिन्यांत ते सगळ्यांत वेगानं जातं. चावण्याचा दाब मिळाला तर हाड तग धरतं. इम्प्लांट तो दाब हाडापर्यंत पोचवतो, ब्रिजचा मधला दात नुसता हिरडीवर टेकलेला असतो. म्हणून ‘बघू पुढच्या दिवाळीत’ म्हणून वर्षं घालवू नयेत. हाड फार कमी झालं तर आधी ते भरून घ्यावं लागतं, खर्चही वाढतो.

इम्प्लांटआधी डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न खोदून विचारले: साखर किती आणि सिगारेट किती. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू, दोन्हींमुळे हाड स्क्रूला धरायला अडचण येते. ठिसूळ हाडांवरच्या काही गोळ्या चालू असतील तर त्याही आधी सांगाव्यात. खर्च इम्प्लांटला जास्त येतो हे खरं. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघरला दंतमहाविद्यालयं आहेत, तिथेही चौकशी करून पाहावी.

आईचा ब्रिज तीन आठवड्यांत बसला. माझं हाड स्क्रूला धरायला चार महिने लागले. आता रात्री जेवणं झाली की बेसिनसमोर आमची रांग असते. आई ब्रिजच्या खालून जाड दोरा ओवते, कारण तिथे अन्न अडकलं आणि आधाराचा एक दात किडला तर अख्खा ब्रिजच काढावा लागू शकतो. माझा स्क्रू किडणार नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजली तर खालचं हाड विरघळतं. म्हणून माझ्या हातात बारीक ब्रश असतो.