टॉमी जॉनचा डावा हात

अमेरिकेत बेसबॉलचा एखादा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, वर्षभर मैदानाबाहेर बसणार अशी बातमी आली की तिच्यात बहुतेकदा ‘टॉमी जॉन’ हे दोन शब्द असतात. २०१८ मध्ये शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली तेव्हाही होते. कोपराच्या या शस्त्रक्रियेचं हे नाव डॉक्टरचं असावं असं वाटतं, पण ते रुग्णाचं आहे.

क्रिकेटमधला गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. बेसबॉलचा पिचर मात्र कोपरातून हिसका देऊन तो फेकतो आणि प्रत्येक फेकीचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यावर, येतो. पूर्वी ते तुटलं की ‘हात गेला’ म्हणायचे आणि माणूस घरी बसायचा. सँडी कूफॅक्स या नामांकित पिचरचं दुखणं वेगळं, संधिवाताचं होतं. तरी १९६६ च्या हंगामात २७ सामने जिंकूनही (बेसबॉलमध्ये संघाचा विजय एका पिचरच्या नावावर मांडतात) कोपरापायी त्याला तिसाव्या वर्षी खेळ सोडावा लागला.

डावखुरा पिचर टॉमी जॉन १९६३ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळत होता. १७ जुलै १९७४ रोजी, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून माँट्रियलविरुद्ध चेंडू टाकताना त्याचं लिगामेंट तुटलं. त्या हंगामात तोवर १३ विजय आणि फक्त ३ पराभव अशी त्याची कामगिरी होती. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांना पोलिओच्या रुग्णांमध्ये टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एका जागेवरून दुसरीकडे बसवतात हे माहीत होतं. २५ सप्टेंबरला त्यांनी जॉनच्या उजव्या मनगटातलं टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवलं आणि तेच लिगामेंटच्या जागी बसवलं. पुन्हा खेळता येण्याची शक्यता त्यांच्या अंदाजाने शंभरात एक होती. पुढे मज्जातंतू दबून हाताची बोटं वाकडी झाली, म्हणून आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली.

१९७५ चं सगळं वर्ष पुन्हा चेंडू टाकायला शिकण्यात गेलं. १९७६ मध्ये जॉन परतला आणि १० सामने जिंकला. १९७७ मध्ये २०. मग न्यू यॉर्क यांकीजकडून १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२. एका हंगामात वीस विजय त्याला शस्त्रक्रियेआधी एकदाही मिळाले नव्हते! तो फार वेगवान कधीच नव्हता. खाली बुडणारा चेंडू टाकून फलंदाजाला जमिनीलगत मारायला लावणं, हे त्याचं बळ. दुरुस्त केलेल्या कोपराने त्याला इतकी साथ दिली त्यात या शैलीचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

१९८९ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, २६ हंगाम खेळून तो थांबला. एकूण विजय २८८. त्यांतले १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे.