प्लगइन नकली आणि डबा असली?

जळगाव-धुळ्याकडे घरच्याच खोलीत मांडलेल्या स्टुडिओंमध्ये अहिराणी गाणी रेकॉर्ड होतात. गिटारचा किंवा बेंजोचा आवाज ‘फाडायचा’ (डिस्टॉर्शन द्यायचा) असला, की तिथे वाद ठरलेला: अँप-मॉडेलिंगचा, म्हणजे जुन्या अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल करणारा डबा वापरायचा की संगणकातलं प्लगइन, म्हणजे तेच काम करणारं सॉफ्टवेअर? ‘डब्बानी मजा प्लगइनमा नही’ असं ठासून सांगणारे बरेच असतात. पण त्या डब्यात जुन्या अँपसारखे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) नसतातच. आत एक चिप असते आणि ती आकडेमोड करते. ‘लाइन सिक्स’ कंपनीचा हेलिक्स हा डबा २०१५चा. २०१७मध्ये तोच हेलिक्स प्लगइन म्हणून आला आणि डब्यातले प्रीसेट (जतन केलेल्या आवाजाच्या मांडण्या) त्यात उघडू लागले.

मग अवघड काय आहे? आवाज फाडणं. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये लहान लहर जशीच्या तशी मोठी होते, पण मोठ्या लहरीचा माथा दाबला जातो. माथा दबला की त्या लहरीत मूळ वारंवारतेच्या पटीतले नवे स्वर तयार होतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. माथा आणि तळ सारखेच दाबले तर तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम पटीतले स्वर येतात. रॉक गिटारचा भरदारपणा यातूनच येतो.

संगणकाची पंचाईत इथेच होते. तो आवाज सलग पाहत नाही, सेकंदाला समजा ४८,००० नमुने घेतो. इतक्या नमुन्यांत जास्तीत जास्त २४,००० हर्ट्झपर्यंतचाच स्वर मावतो. आता तारेच्या आवाजातला ५,००० हर्ट्झचा एक घटक घ्या. त्याचा तिप्पट स्वर १५,०००, तो मावला. पाचपट २५,०००, तो मावत नाही. पण नाहीसाही होत नाही. हद्दीवर आपटून तो २३,००० वर परततो. सातपट ३५,००० चा होतो १३,०००. आणि नऊपट ४५,००० चा होतो ३,०००, म्हणजे मूळ घटकाच्याही खाली! याला एलियसिंग म्हणतात. सिनेमात पुढे धावणाऱ्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा प्रकार.

आणखी गंमत पाहा. वादकाने तार खेचून स्वर चढवला आणि तो घटक ५,१०० झाला, तर नऊपट स्वर ४५,९०० होतो आणि परतून २,१०० वर पडतो. वादक वर चढतोय आणि हा भुताटकीचा स्वर खाली उतरतोय! कानाला खुपणारा ‘डिजिटल’ खरखरीतपणा बऱ्याचदा हाच असतो. त्यावर उपाय ओव्हरसँपलिंगचा: नमुने आठपट करायचे, म्हणजे हद्द १,९२,००० हर्ट्झवर जाते. तिथे लहर दाबायची, मग २४,००० च्या वरचं सगळं फिल्टरने गाळायचं आणि पुन्हा मूळ दरावर यायचं. यात चिपचं काम कितीतरी वाढतं. हे काम कोणी किती नेटाने केलंय, यावर आवाजाचा दर्जा बराच ठरतो. ते डब्यात केलं की लॅपटॉपमध्ये, यावर नाही.

सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी केबलने टोन ‘गोड’ होतो, असंही ऐकवलं जातं. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. केबलमधून आकडे जातात. केबल बिघडली तर टकटक ऐकू येईल किंवा आवाज तुटेल. आकड्यांना गोडी लागत नाही. खोक्यावरच्या ‘एआय’ स्टिकरवरही भुलू नका, कानाने ऐकून ठरवा.

डब्याचाच प्लगइनसारखा वापर करता येतो आणि मला तो फार आवडतो. आधी गिटार कोरी रेकॉर्ड करायची, कुठलाही इफेक्ट न लावता. मग तो ट्रॅक यूएसबीने डब्यात पाठवायचा आणि फाडलेला आवाज परत घ्यायचा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं रीइन्सर्ट हे प्लगइन एक टिचकी पाठवून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि तेवढा उशीर भरून काढतं. डबा मात्र गाण्याच्या वेगानेच चालतो: चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं. प्लगइनच्या प्रती एकाच वेळी कितीतरी ट्रॅकवर लावता येतात, प्रोसेसर झेपवेल तेवढ्या.

वाजवताना ऐकू येणाऱ्या उशिराचा बाऊ नको. संगणक नमुने एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात; १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. आत जाताना एक, बाहेर येताना एक आणि वर यंत्रांचा थोडा वेळ धरला, तरी हा उशीर मोठा नाही: अँपपासून तीन मीटरवर उभ्या वादकाला हवेतूनच जवळजवळ नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. भुसावळच्या मे महिन्यात हवा तापल्यामुळे आवाज किंचित वेगाने धावतो, एवढाच दिलासा.

दोघांची तुलना करायचीच असेल, तर दोन्हीकडे जाणारी कोऱ्या आवाजाची पातळी आधी जुळवा. लहरीचा माथा किती दबणार हे त्या पातळीवरच ठरतं. एकीकडे सिग्नल सहा डेसिबलने जास्त गेला, तर लहर दुप्पट उंच होते आणि तोच प्रीसेट वेगळ्याच अँपसारखा वाजतो.