जागल्यापासून ग्रामसभेपर्यंत: गावच्या राखणीची पार्श्वभूमी

ग्रामसभेच्या नोटिशीवर विषय ठरलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मान्यता, घरकुलाची यादी, पाणीपट्टीची थकबाकी. सर्वांत शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. गावात चोऱ्यामाऱ्या वाढल्या की त्यावरची चर्चा बहुधा या शेवटच्या ओळीत उरकली जाते. विहिरीवरच्या मोटारी गेल्या, केबल कापून नेली, डीपीतले ऑइल काढले, दावणीच्या शेळ्या रातोरात गायब झाल्या, शाळेच्या रस्त्यावर टवाळ पोरं उभी राहतात, अमक्याच्या मळ्यात हातभट्टी लागते. सरपंच ऐकून घेतात, ग्रामसेवक लिहून घेतात, बीट हवालदार आलेच असतील तर 'गस्त वाढवतो' म्हणतात. ठराव होतो, त्याची नक्कल पोलीस ठाण्याला जाते. त्या ठरावाचे ठाण्याने काय करायचे, हे कायदा फारसे सांगत नाही.

हे असे का, ते समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. गाव राखायची जबाबदारी गावाची आणि त्यासाठी लागणारा अधिकार दुसऱ्याच कुणाचा, ही विभागणी ग्रामपंचायतीच्या कायद्याने केलेली नाही. ती फार जुनी आहे.

पेशवाईत गावच्या बंदोबस्ताचा मुख्य माणूस पाटील. तो वतनदार, म्हणजे पद वंशपरंपरागत आणि सारावसुलीही त्याच्याकडेच. पण रात्री वेशीवर प्रत्यक्ष जागणारा माणूस पाटील नव्हे. पुणे-सातारा भागात रामोशी, खानदेशात भिल्ल, डोंगरपट्ट्यात कोळी, आणि गावोगाव महार. कोणी जागल्या, कोणी शिवेचा राखणदार, कोणी माग काढणारा. खळ्यावरचे धान्य, थोडी इनाम जमीन आणि सणावाराचा मान हा त्यांचा मोबदला. मुंबई इलाख्याचा पुढे गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने पाऊलखुणांवरून माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. त्याने तो आपल्या शिवेबाहेर नेऊन दाखवला तर तो मोकळा, नाही तर भरपाई त्या गावाच्या बोकांडी. चोरीला गेलेल्या मालाची किंमत गावाकडून किंवा राखणदाराकडून वसूल करायची ही रीत होती.

आज ऐकायला हे छान वाटते. गाव एकजुटीने उभे राहते, चोर सापडतोच, असे काहीतरी. पण ज्याची झोपडी वेशीबाहेर त्याच्याकडेच वेशीचे रक्षण, आणि चोर सापडला नाही की पहिला संशयही त्याच्यावरच. 'चोराच्या हाती किल्ल्या' असे म्हणत गावे राखणीचे काम रामोशाला देत, कारण चोरवाटा त्यालाच ठाऊक. म्हणजे नोकरीची अट हीच की त्याला चोर मानले जावे. आदर्श खेड्याचे जुने चित्र काढणारे हा भाग सहसा गाळतात.

१८१८ नंतर कंपनी सरकारने ही घडी मोडली, तीही अर्धवट. किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या, इनामे तपासली गेली, रामोशांच्या हक्कांना कात्री लागली. पुरंदरजवळच्या भिवडीचे उमाजी नाईक यांचे बंड यातून उभे राहिले. मध्यंतरी सरकारने त्यांनाच चाकरीत घेऊन त्या मुलखाचा बंदोबस्त सोपवला होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात क्वचितच येते. तो समेट टिकला नाही आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली गेली. खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्राम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली. ज्यांना आवरायचे त्यांच्याकडूनच मुलूख आवरून घ्यायचा, हे तंत्र इंग्रजांनी इथेही वापरले.

मग आला १८६७ चा मुंबई ग्रामपोलीस कायदा. पाटलाचे वतन शिल्लक, पण पोलीस पाटील म्हणून तो आता जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखालचा झाला. गुन्ह्याची वर्दी द्यायची, आकस्मिक मयताचा पंचनामा करायचा, संशयितावर नजर ठेवायची. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा प्रकरणात चोवीस तासांपर्यंत अडकवून ठेवायचा अधिकारही त्याला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून बंदोबस्ताविषयी काही ठरवावे, अशी सोय या कायद्यात नव्हती. चावडीवर बसणे होई, बोलणे होई, पण सरकारदरबारी मोजला जाई तो एकट्या पाटलाचा कागद.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे मुंबई इलाख्यातही पसरले. पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली गेली. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. इतर ठिकाणी ही हजेरी घ्यायचे काम गावच्या पाटलाकडे. पाल टाकायच्या आधी पाटलाला वर्दी द्यायची, हा भटक्यांच्या पायात अडकलेला रिवाज या काळात पक्का झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. गावकऱ्याच्या डोक्यातला संशय मात्र राजपत्रात छापून रद्द होत नाही, आणि त्याची किंमत अलीकडेही मोजली गेली आहे. ते पुढे येईल.

महारांच्या वतनाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सरकारी खजिन्याबरोबर चालत जाणे, टपाल पोचवणे, शीव दाखवणे, मयताजवळ रात्रभर बसणे, चोराचा माग काढणे, ही सगळी कामे चोवीस तास, घरातला कर्ता आजारी असेल तर बायकापोरांनीही. मोबदला इतका तुटपुंजा की त्याला पगार म्हणणे कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या वेठीविरुद्ध. तेव्हा ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा करणारा कायदा यायला १९५८ उजाडावे लागले. पाटलांचा नंबर त्यानंतरचा. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीचे वतन संपले, सारावसुली तलाठ्याकडे गेली.

याच सुमारास दुसरीकडे ग्रामपंचायतीचा नवा कायदा येत होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांची जी यादी आहे, तीत गावाची आणि पिकांची राखण हे काम लिहिलेले आहे. दिवाबत्ती, गटारे, कोंडवाडा यांच्या जोडीला राखण. कागदावर हे काम आजही पंचायतीचे आहे, पण किती सरपंचांना हे ठाऊक असेल, शंका आहे. पोलीस पाटील मात्र पंचायतीच्या कक्षेत आला नाही. त्याच्यासाठी वेगळा महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ झाला. वंशपरंपरा गेली, नेमणूक आली. त्याने हुकूम पाळायचे ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे, मदत करायची ती पोलिसांना, आणि गावातली गुन्ह्यांची, आरोग्याची, एकूण परिस्थितीची खबर द्यायची ती वर. गावाला खबर द्यायचे कलम त्यात नाही.

माझ्या मते घोळाचे मूळ इथे आहे. ज्या दहा वर्षांत आपण गावाला सभा दिली, त्याच दहा वर्षांत गावच्या पोलिसाला त्या सभेपासून वेगळे ठेवले. त्यामागे कारणही होते. गावकीच्या राजकारणात पोलीस पाटील निवडणुकीच्या गटाचा झाला, तर दुबळ्याने वर्दी द्यायची कुणाकडे? नेमणूक प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, गेल्यामुळे आणि आरक्षणामुळे पिढ्यानपिढ्या ज्यांना चावडीची पायरी चढू दिली नव्हती त्यांच्यातून पोलीस पाटील झाले, स्त्रियाही झाल्या. हा फायदा लहान नाही. पण सगळीकडे गावाने तो मानला असेही नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. त्याच्या काही आठवडे आधी शेजारच्या गावचे पोलीस पाटील, जे भोतमांगे यांचे नातलग आणि दलित होते, त्यांना मारहाण झाली होती. त्या प्रकरणात कुटुंबाने मारहाण करणाऱ्यांची नावे सांगितली, हे हत्याकांडामागचे तात्कालिक कारण. हुद्दा सरकारने दिला होता, संरक्षण कुणीच दिले नाही.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ रोजी, गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आबांची ही मोहीम आज चेष्टेचा विषय झाली असली, तरी एक गोष्ट तिने पहिल्यांदा केली. समिती निवडायचे काम तिने ग्रामसभेला दिले. पोलीस पाटील आणि बीटचा पोलीस त्या समितीत बसू लागले. बांधाचे भांडण, भाऊबंदकीची वाटणी, आपसात मिटवता येण्याजोगे फौजदारी दावे मिटवायचे, गावाला गुण मिळवायचे आणि लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस घ्यायचे. सुरुवातीची काही वर्षे ग्रामसभांना गर्दी झाली, ती या समितीच्या अध्यक्षपदासाठी. कित्येक गावांत सरपंचपदापेक्षा तिथेच जास्त चुरस असे. त्यातून कज्जे खरेच मिटले. पण बक्षिसाच्या आकड्यावर डोळा ठेवून तंटा नोंदवूच न देणे, बाईने नवऱ्याविरुद्ध दिलेली तक्रार 'गावात मिटवू' म्हणून दाबणे, हेही झाले. खैरलांजीलाही पुढे तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला, यावर काय बोलावे.

दारूच्या बाबतीत गावाच्या मताला थोडी अधिक धार आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान अनेकांना ठाऊक असते. महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचे दुकान बंद. यात एक गंमत अशी की हा उपाय चालतो तो परवानाधारक दुकानावर. हातभट्टीला परवानाच नसतो, मग आडवे काय करणार? ते भोक बुजवायला, अण्णा हजारे यांच्या पाठपुराव्यानंतर, दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. दल ग्रामसभेने नेमायचे, त्यात स्त्रिया हव्यात, आणि दलाने अवैध दारूची खबर दिली की पोलिसांनी व उत्पादन शुल्क खात्याने कारवाई करायची. ठरावामागे कारवाईचे बंधन आले, हे इथले वेगळेपण. अंमल गावागणिक निराळा. ज्या गावात भट्टीवाला पंचायत सदस्याचा पाहुणा असतो तिथे दलाची यादीच तयार होत नाही.

ग्रामरक्षक दल आणि ग्रामसुरक्षा दल यांत लोकांची नेहमी गल्लत होते. ग्रामसुरक्षा दल जुने. मुंबई (आताच्या महाराष्ट्र) पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये गावच्या संरक्षणासाठी स्वयंसेवकांची दले उभारायची सोय आहे, आणि ती उभारण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकांचा. शिट्टी, काठी, बॅटरी, ओळखपत्र आणि आळीपाळीने गस्त. दरोड्यांची लाट आली की ठाण्यातून निरोप येतो, तरुणांच्या याद्या होतात, पंधरा-वीस दिवस जागरण होते, सुगी सुरू झाली की दल झोपते. आता त्याला मोबाइलची जोड मिळाली आहे. एका क्रमांकावर फोन केला की गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी निरोप जातो. अशा यंत्रणेने काही ठिकाणी चोर पकडून दिले, बिबट्या आल्याची खबरही वेळेत पोचवली.

आणि याच मोबाइलवरून दुसरेही काही येते. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्यांना जिथे कोंडून मारले ती जागा ग्रामपंचायतीचे कार्यालय होती. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले. त्या भागात चोर आणि अवयव काढून नेणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या, गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. पोलीस तिथे हजर असूनही तिघे वाचले नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत रात्री ड्रोन दिसू लागले, तेव्हा टेहळणी करणारे चोरच असणार म्हणून गावे पुन्हा रात्रभर जागी. अनोळखी गाडी गावात शिरली की पोलिसांना घाम फुटायचा, तो हीच नावे आठवून.

म्हणून दल उभे करताना त्याची यादी कुठे आहे, ओळखपत्र कुणी दिले, पकडलेल्या माणसाला किती वेळात ठाण्याच्या ताब्यात द्यायचे, हे प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवेत. बहुतेक ठिकाणी चर्चा सीसीटीव्हीवर संपते. वित्त आयोगाच्या निधीतून वेशीवर कॅमेरे बसवले की सुरक्षेचा विषय संपला, असा समज पसरतो आहे. कॅमेऱ्याचे बिल, नेट आणि दुरुस्ती पुढल्या वर्षी कुणाच्या खिशातून, हे इतिवृत्तात सापडत नाही.

पोलीस पाटलांची स्थिती दरम्यान थोडी सुधारली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांचे मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये केले. आधी कित्येक वर्षे ते तीन हजार होते. दहावी पास, वय २५ ते ४५, ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांची तोंडी, अशी भरती प्रांत कार्यालयातून होते. राज्यभरात अडतीस हजारांहून अधिक पदे आहेत आणि त्यांतली बरीच वर्षानुवर्षे रिकामी राहतात. मग शेजारच्या गावच्या पाटलाकडे जादा कार्यभार येतो, जो रात्री दोन वाजता वाडीवर पोचू शकत नाही. पद भरा, असा ठराव ग्रामसभा करू शकते. तो प्रांतांकडे जातो आणि तिथल्या आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो.