लाईट गेली की होइस्टवरचा माल खाली पडतो का?

कारखान्यात काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते, की इलेक्ट्रिक चेन होइस्टवर (साखळीने जड माल उचलणाऱ्या विजेच्या यंत्रावर) लटकलेला जॉब, म्हणजे उचललेला माल, हा करंटच्या जोरावर लटकलेला असतो, म्हणजे लाईट गेली की तो धाडकन खाली येणार. भोसरी काय, कुपवाड काय, कोल्हापूरची शिरोली काय, कुठल्याही एमआयडीसीत विचारा, हेच उत्तर मिळेल. नवीन हेल्परला पहिल्याच दिवशी कोणीतरी जुना माणूस सांगतो, "लाईट गेली की आधी बाजूला पळ." आता लोडखाली उभं राहायचंच नाही हे शंभर टक्के बरोबर, लाईट असो वा नसो. पण कारण चुकीचं आहे, आणि कारण चुकीचं असलं की माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि जिथे खरंच बघायला पाहिजे तिथे बघतच नाही.

खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. माल धरून ठेवायला वीज लागतच नाही. वीज लागते ती पकड सोडवायला.

होइस्ट म्हणजे बीमवरच्या ट्रॉलीला टांगलेली एक पेटी. आत मोटर, गिअरबॉक्स, आणि चेनच्या कड्या ज्यात बरोब्बर बसतात असं खाचांचं चाक. खाली हूक, हातात पेंडंट, म्हणजे वायरला लोंबणारी बटणांची डबी. आणि मोटरच्या मागच्या टोकाला, कव्हरखाली, ब्रेक. मला या सगळ्या यंत्रात सगळ्यात जास्त आवडतो तो हा ब्रेक, आणि बाहेरून दिसत नसल्यामुळे सगळ्यात दुर्लक्षितही तोच.

कव्हर काढलं की दिसतं ते असं: मोटरच्या शाफ्टवर एक घर्षणाची डिस्क, तिच्या एका बाजूला मोटरची बॉडी, दुसऱ्या बाजूला एक लोखंडी प्लेट, आणि त्या प्लेटच्या मागे गोलात बसवलेल्या जाड स्प्रिंगा. या स्प्रिंगा चोवीस तास प्लेटला डिस्कवर दाबत असतात. स्प्रिंगांच्याच मागे तांब्याची कॉइल असते. तुम्ही पेंडंटचं बटण दाबलं की मोटरला आणि या कॉइलला एकदमच करंट जातो, कॉइलचं चुंबक होतं, ते स्प्रिंगांच्या विरुद्ध जोर लावून प्लेटला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी मागे ओढतं, डिस्क मोकळी होते आणि मोटर फिरायला लागते. बटण सोडलं, लाईट गेली, फ्यूज उडाला, पेंडंटची वायर तुटली, काहीही होऊ दे, चुंबक मेलं की स्प्रिंगा प्लेटला परत दाबतात आणि शाफ्ट जागच्या जागी थांबतो. स्प्रिंगेला लोडशेडिंग नसतं.

ही कल्पना जुनी आहे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः लिफ्टच्या फळीवर उभा राहिला आणि लोकांसमोर दोर कापायला लावला. दोराचा ताण गेल्याबरोबर स्प्रिंग मोकळी झाली आणि फळी बाजूच्या खाचांमधे अडकून थांबली. तत्त्व तेच: बिघाड झाला की यंत्र आपोआप पकडेल, सोडणार नाही.

आता एक प्रश्न डोक्यात यायला हवा. एवढासा ब्रेक, टनभर वजन कसं काय धरतो? जरा हिशोब करू. समजा १ टनाचा होइस्ट, चेनची जाडी ७.१ मिमी, कडीची पिच (एका कडीमागे चेनची लांबी) २१ मिमी आणि चाकाला ५ खाचा. प्रत्येक खाचेमागे एक आडवी आणि एक उभी कडी धरली तर एका फेऱ्यात साधारण २१० मिमी चेन जाते, म्हणजे चाकाची त्रिज्या धरा ३३ मिमी. १ टनाचं वजन ९८१० न्यूटन, त्याला ०.०३३ ने गुणलं की चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, येतो सुमारे ३२५ न्यूटन-मीटर. हूक मिनिटाला ८ मीटर वर जातोय म्हणजे चाक मिनिटाला ३८ फेरे मारतंय, आणि मोटर फिरतेय १४४० ने, म्हणजे गिअरबॉक्स ३८ पट. तर ३२५ ला ३८ ने भागा. साडेआठ न्यूटन-मीटर! फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला ३ किलोचं वजन टांगा, एवढ्या जोरात १ टन जागेवर राहतो. प्रत्यक्षात ब्रेक त्यापेक्षा बराच जास्त ताकदीचा देतात, पण ब्रेक मोटरच्या बाजूला, म्हणजे जोरात फिरणाऱ्या टोकाला बसवण्यामागचं गणित हे आहे.

आणि खाली उतरवताना काय होतं? पुष्कळ जणांना वाटतं की मोटर माल खाली ढकलते. माल आपल्या वजनानेच खाली येत असतो, मोटर त्याला आवरत असते. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर १५०० फेऱ्यांची असते. वर चढवताना ती १५०० च्या थोडी मागे पडते, १४४० वगैरे. उतरवताना लोडच तिला पुढे रेटतं, वेग १५०० च्या थोडा वर जातो, आणि तो वर गेला रे गेला की तीच मोटर जनरेटर होते आणि लाईनमधे उलटी वीज पाठवायला लागते. जितका वेग वाढेल तितका तिचा विरोध वाढतो, म्हणून माल सुसाट सुटत नाही.

आता थोडं आत जाऊ, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल पण मेंटेनन्सवाल्यांनी वाचाच. ब्रेकच्या कॉइलला डीसी लागतो, म्हणून मधे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर असतो. करंट रेक्टिफायरच्या आधी, एसीच्या बाजूला तोडला तर कॉइलमधली साठलेली ऊर्जा डायोडमधूनच फिरत राहते, चुंबक हळूहळू मरतं आणि ब्रेक उशिरा लागतो, तेवढ्यात हूक थोडा घसरतो. करंट डीसीच्या बाजूला तोडला तर चुंबक पटकन मरतं, पण कॉन्टॅक्टवर मोठी ठिणगी पडते म्हणून तिथे व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) लावावा लागतो. कोणी रिपेअर करताना रेक्टिफायर बदलला आणि वायरिंग वेगळं केलं तर होइस्ट चालतो, सगळं ठीक वाटतं, फक्त बटण सोडल्यावर हूक आधीपेक्षा जास्त खाली जाऊन थांबतो. दुसरं म्हणजे गॅप. डिस्क घासत गेली की प्लेट आणि चुंबकामधली फट वाढते, आणि चुंबकाची ओढ फटीच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होते, फट दुप्पट तर ओढ साधारण पावपट. एक दिवस चुंबकाला प्लेट ओढताच येत नाही. ब्रेक सुटत नाही, मोटर घूं घूं करते, जळका वास येतो. म्हणजे इथेही बिघाड पकडण्याच्या बाजूलाच झाला, सोडण्याच्या नाही. पण खरा घोळ इथून पुढे होतो. डिस्पॅच अडकलेला असतो, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, आणि कोणीतरी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावायच्या ऐवजी स्प्रिंगाच ढिल्या करून टाकतो. होइस्ट चालू होतो आणि आता तो खरंच धोकादायक झालेला असतो.

व्होल्टेज कमी असलं तरी हेच. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं तर मोटरचा टॉर्क ६४ टक्क्यांवर येतो, कॉइल पण अर्धवट ओढते, ब्रेक घासत घासत फिरतो, डिस्क तापते.

म्हणजे लाईट गेली तर माल जागेवर थांबतो. (मग करायचं काय? खालची जागा अडवायची, माणसं लांब ठेवायची, लाईट येईपर्यंत थांबायचं. कव्हर उघडून स्क्रूड्रायव्हरने प्लेट मागे सारून माल "हळूच" खाली घेण्याचा प्रकार अजिबात नको, कारण एकदा ब्रेक सुटला आणि मोटरला वीज नाही म्हटल्यावर आवरायला कोणीच नाही.) मला जास्त भीती वाटते ती लाईट न जाण्याची. बटण सोडलंय आणि होइस्ट थांबतच नाहीये, हे होऊ शकतं, कारण पेटीतल्या कॉन्टॅक्टरचे (मोटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट ठिणग्या खाऊन खाऊन एकमेकांना चिकटतात. मग मोटरला करंट चालू, कॉइलला पण चालू, ब्रेक उघडाच. अशा वेळी पेंडंटवरचं लाल मशरूम बटणच कामाला येतं, ते मेन कॉन्टॅक्टर तोडतं, आणि ते चालतंय का हे रोज शिफ्टच्या सुरवातीला बघायला दहा सेकंदं लागतात.

कॉन्टॅक्ट चिकटतात कशाने? टुकटुक करत बटण मारल्याने. जॉब मशीनच्या चकमधे (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) बसवताना ऑपरेटर इंच इंच सरकवतो, प्रत्येक टुकला मोटर चालू होतानाचा पाच-सहा पट करंट, एक ठिणगी, ब्रेकचा एक धक्का. होइस्टच्या ड्यूटी क्लासमधे (तो किती कष्टाच्या कामासाठी बनवलाय त्या वर्गात) तासाला किती वेळा स्टार्ट करायचं याचा आकडा असतो, एम ५ क्लासला तो २४० आहे, म्हणजे सरासरी १५ सेकंदाला एक. टुकटुक करणारा माणूस एका मिनिटात पाच मिनिटांचा कोटा संपवतो. असं काम रोजचं असेल तर दोन स्पीडचा होइस्ट घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

अजून एक गोड गैरसमज, "सेफ्टी फॅक्टर पाच असतो, म्हणजे १ टनावर दोन टन आरामात." पाचाच्या आसपासचा फॅक्टर चेनचा असतो हो, ब्रेकचा आणि क्लचचा (जास्त वजन आलं की घसरणाऱ्या भागाचा) नाही! होइस्ट टेस्ट करतात तो सुद्धा १२५ टक्के लोडवर. आणि वजन अंदाजाने सांगायची सवय तर सोडाच. १००० बाय ५०० बाय ३०० मिमीचा स्टीलचा डाय ब्लॉक बघायला एवढासा वाटतो, पण ०.१५ घनमीटर गुणिले ७८५० केलं की १,१७७ किलो भरतो. १ टनाच्या होइस्टवर तो चढवायचाच नाही.

ब्रेक कितीही चांगला असला तरी तो मोटरच्या टोकाला आहे. त्याच्या खाली गिअर, चाक, चेन, हूक, स्लिंग, (म्हणजे माल बांधायचा पट्टा किंवा साखळी) यातलं काहीही तुटलं तर ब्रेक काही करू शकत नाही. म्हणून चेन मोजायची: ११ कड्यांची लांबी नवीनपेक्षा २ टक्के वाढली की चेन बाद, किंवा मॅन्युअलमधे जो आकडा असेल तो. कड्या एकमेकींवर जिथे घासतात तिथे झीज होते, ती लांबून दिसत नाही, चेन ढिली सोडून कडी वळवून बघावी लागते. आणि चेनला तेल पाहिजेच, कोरडी चेन कितीतरी पट लवकर झिजते. हूकचं तोंड उघडायला लागलं असेल, लॅच (हूकच्या तोंडावरची पट्टी) तुटून तिथे तार बांधली असेल तर होइस्ट बंद ठेवा. चेनच लोडला गुंडाळून परत हूकमधे अडकवायची नाही, त्यासाठी स्लिंग असतात. स्लिंगचा कोन पण बघा, दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर १ टनाला प्रत्येक पायावर सुमारे ५८० किलो येतात, ९० ला ७०७, आणि १२० अंशाला प्रत्येक पायावर पूर्ण १ टन.

खंडेनवमीला आपल्याकडे होइस्टची पण पूजा होते, झेंडूचा हार, हळदकुंकू, हूकला लिंबू-मिरची. पूजेला माझा विरोध नाही, यंत्राबद्दल आदर असावाच. पण लिंबू-मिरचीने कडीची झीज थांबत नाही, आणि मागच्या वर्षी बांधलेलं लिंबू सुकून लॅचमधे अडकलेलं असतं ते कोणी काढत नाही. त्याच दिवशी सगळी मशीनं बंद असतात, सगळी माणसं मोकळी असतात, चेन मोजायला यापेक्षा चांगला दिवस वर्षात दुसरा मिळत नाही.

रोजच्या कामात एकच सवय लावायची असेल तर ही लावा: हूक बरोब्बर लोडच्या डोक्यावर आणायचा, तिरका ओढायचा नाही, चेन हळूच ताणून घ्यायची, जॉब जमिनीवरून १० सेंटीमीटर उचलायचा आणि बटण सोडायचं. बघत राहायचं. घसरतोय का? तिरका होतोय का? ही ब्रेकची टेस्टच आहे, फुकटची, आणि चुकली तरी फक्त १० सेंटीमीटर उंचीवरून चुकते. ३ मीटरवरून तोच माल पडला तर जमिनीवर पोचताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर झालेला असतो.

आणि ट्रान्सफॉर्मरचं किंवा पॅनलचं काम झाल्यावर, किंवा होइस्ट दुसऱ्या सॉकेटला लावल्यावर, पहिल्यांदा रिकामा हूक चालवून बघा. तीनपैकी दोन फेज अदलाबदल झाले की वरचं बटण दाबल्यावर हूक खाली जातो. "उलटं चालतंय, घे तसंच सांभाळून" असं म्हणून काम चालू ठेवणारे महाभाग असतात. पण वरचा लिमिट स्विच (हूक पार वर आला की मोटर थांबवणारा) हा वरच्या बटणाच्या सर्किटमधे असतो, आता हूक वर जातोय खालच्या बटणाने, म्हणजे तो लिमिटला पोचला तरी मोटर थांबणार नाही, हूक जाऊन पेटीला धडकणार. फेज गार्ड (फेज उलटे असले तर होइस्ट चालूच न देणारा भाग) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून फेज बदलून घ्या, पेंडंटवरच्या बाणांवर पट्टी चिकटवून नाही.

कागदाचं पण एक सांगतो, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे) कलम २८ चं नावच "होइस्ट आणि लिफ्ट" होतं, दर ६ महिन्यांनी तपासणी. पण ते पिंजरा किंवा प्लॅटफॉर्म असलेल्या, गाईडमधून चालणाऱ्या लिफ्टसाठी होतं. आपला चेन होइस्ट यायचा कलम २९ मधे, लिफ्टिंग मशीन, चेन, दोर यांच्यात: १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी, सुरक्षित भार यंत्रावर स्पष्ट लिहिलेला, आणि रजिस्टरमधे नोंद. ती १२ महिन्यांची मर्यादा म्हणजे कमाल होती, दोन शिफ्ट चालणाऱ्या फौंड्रीत जिथे हवेत वाळू उडतेय तिथे चेन दर महिन्याला मोजा. आणि सर्टिफिकेट हातात आलं की त्यावरचा सिरियल नंबर आणि वर पेटीवरच्या प्लेटचा नंबर एकच आहे का, हे शिडी लावून एकदा स्वतः बघून या.